रिलेला सिरीयलवरून कमांड पाठवताना उत्तर अर्धं का येतं, कधी येतच का नाही?

विचारणाऱ्याची अडचण थोडक्यात अशी. साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात ३३ केव्ही फीडरवर एसईएल-३५१ रिले, म्हणजे लाइनवरचा फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं यंत्र, आहे. लॅपटॉपवर टर्मिनल उघडून हाताने कमांड दिल्या की सगळं नीट चालतं. तेच काम पायथनच्या स्क्रिप्टने दर १५ मिनिटांनी करायला गेलं की कधी मीटरिंग अर्धंच येतं, कधी 'इनव्हॅलिड ॲक्सेस लेव्हल' येतं, कधी काहीच येत नाही. स्क्रिप्ट कमांड पाठवते, एक सेकंद थांबते, मिळेल ते वाचते आणि पुढे जाते. शेवटी आणखी एक प्रश्न आहे: ब्रेकर क्लोजची कमांडही अशीच देता येईल का?

आधी लिहिण्याबद्दल एक खुलासा. कमांड इथे एकेक अक्षर उच्चारून देवनागरीत लिहितोय. एसीसी म्हणजे ए, सी, सी ही तीन रोमन अक्षरं, एमईटी म्हणजे एम, ई, टी. रिलेला अर्थातच रोमन अक्षरं द्यायची. लहान-मोठी कशीही चालतात, आणि कमांडची पहिली तीन अक्षरं पुरतात. पासवर्डमध्ये मात्र लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं.

दुसरी गोष्ट, हे उत्तर एसईएलच्या रिलेंपुरतंच आहे. बऱ्याच इतर कंपन्यांच्या रिलेंचा समोरचा पोर्ट फक्त त्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरशी बोलतो, तिथे टर्मिनल उघडून काही टाइप करून उपयोग नाही. एसईएल या अमेरिकेतल्या पुलमन गावच्या कंपनीने १९८४ मध्ये पहिला डिजिटल रिले बाजारात आणला आणि तेव्हापासून 'साध्या टर्मिनलवर माणसाने टाइप करावं, रिलेने वाचता येईल असं उत्तर द्यावं' ही पद्धत टिकवली. तुमच्या अडचणीचं मूळ इथेच आहे. समोर माणूस बसलाय असं धरून ही भाषा बनवली आहे. माणूस प्रॉम्प्ट, म्हणजे 'पुढची कमांड द्या' ही रिलेची खूण, दिसेपर्यंत थांबतो, तुमची स्क्रिप्ट घड्याळ बघून पुढे जाते.

अर्ध्या उत्तराचा हिशेब सोपा आहे. आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट अशा मांडणीत स्टार्ट बिट धरून एका अक्षराला दहा बिट लागतात. ३५१ च्या पिढीतले रिले कारखान्यातून बहुधा २४०० बॉडवर (सेकंदाला २४०० बिट) येतात, म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं. एमईटीचं, म्हणजे मीटरिंग दाखवणाऱ्या कमांडचं, उत्तर साधारण ७०० अक्षरांचं धरलं तर ते यायला तीन सेकंद लागतात. तुम्ही एका सेकंदाने वाचता, म्हणून तिसरा हिस्सा हाती येतो. उरलेला भाग बफरमध्ये पडून राहतो आणि पुढच्या कमांडचं उत्तर म्हणून वाचला जातो. इथून पुढे सगळं एक पाऊल मागे-पुढे होतं आणि चूक भलत्याच ठिकाणी आहे असं वाटू लागतं.

यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो म्हणजे एक सेकंदाचे पाच करणे. तो करू नका. मीटरिंगला पाच सेकंद पुरतील, पण वीस हजार अक्षरांचा इव्हेंट रिपोर्ट (फॉल्टच्या वेळची सविस्तर नोंद) २४०० वर ८३ सेकंद घेतो, ९६०० वर २१, १९२०० वर साडेदहा. शिवाय रिले मध्येच संरक्षणाच्या कामात गुंतला तर सिरीयलचं उत्तर थोडं रेंगाळतं, आणि ते बरोबरच आहे. त्याचं पहिलं काम फॉल्ट ओळखण्याचं आहे, आपल्याशी बोलण्याचं नाही. तेव्हा आकडा कितीही ठेवलात तरी कधीतरी चुकणार.

उत्तर संपल्याची खूण रिले स्वतः देतो. उत्तराच्या सुरुवातीला एसटीएक्स, म्हणजे हेक्स ०२, आणि शेवटी ईटीएक्स, म्हणजे हेक्स ०३, ही न दिसणारी अक्षरं असतात. टर्मिनलवर ती दिसत नाहीत, स्क्रिप्टला मात्र बाइट म्हणून मिळतात. त्याशिवाय ओळीच्या सुरुवातीला प्रॉम्प्ट येतो. दोन्ही मिळाल्याशिवाय पुढची कमांड पाठवायची नाही. दोघांपैकी आधी कोण येतं यावर स्क्रिप्ट बेतू नका, दोन्ही येऊन गेले एवढंच तपासा. वरून एक कमाल मर्यादा ठेवा, ती मात्र उदार असू द्या: मीटरिंगला १५ सेकंद, इव्हेंटला दोन-तीन मिनिटं. मर्यादा ओलांडली तर अर्धं उत्तर वापरायचं नाही, टाकून द्यायचं.

इथे एक खड्डा आहे. प्रॉम्प्टमध्ये बरोबरचं चिन्ह असतं म्हणून अनेक जण '=' दिसेपर्यंत वाचतात. पण सेटिंग दाखवणाऱ्या एसएचओ कमांडच्या उत्तरात प्रत्येक सेटिंगपुढे '=' असतो. स्क्रिप्ट पहिल्याच सेटिंगच्या नावाशी थांबते. '=' ओळीच्या अगदी सुरुवातीला आहे का आणि त्याच्यामागे कुठलं अक्षर नाही ना, हे बघावं लागतं. याच एसएचओच्या लांब उत्तरात काही रिले मध्येच 'रिटर्न दाबा म्हणजे पुढे जातो' अशा अर्थाची इंग्रजी ओळ टाकून थांबतात. माणूस एंटर मारतो, स्क्रिप्ट मर्यादा संपेपर्यंत वाट बघत बसते.

प्रॉम्प्ट नीट वाचला की दुसरा फायदा असा की आपण कुठल्या पातळीवर आहोत ते कळतं:

= पातळी शून्य, फक्त ओळख
=> पातळी एक, वाचणं
==> पातळी बी, ब्रेकर चालवणं
=>> पातळी दोन, सेटिंग बदलणं

आता 'इनव्हॅलिड ॲक्सेस लेव्हल'कडे. पोर्टच्या सेटिंगमध्ये टी_आउट नावाचा मिनिटांचा आकडा असतो. तेवढा वेळ पोर्टवर हालचाल नसली की रिले आपोआप पातळी शून्यावर उतरतो. एसएचओ पी ही पोर्टची सेटिंग दाखवणारी कमांड देऊन तुमच्या पोर्टचा आकडा बघा. तो १५ असेल तर कोडं सुटलंच म्हणायचं. तुमची फेरी १५ मिनिटांची, टी_आउटही १५ मिनिटांचा. काही सेकंद इकडे-तिकडे झाले की कधी सत्र अजून पातळी एकवर जिवंत असतं, कधी नुकतंच उतरलेलं असतं. जिवंत असेल तर एसीसी (पातळी एकवर नेणारी कमांड) दिल्यावर पासवर्ड विचारला जाईलच असं नाही, आणि तुम्ही आंधळेपणाने पाठवलेला पासवर्ड कमांड म्हणून वाचला जातो. उतरलेलं असेल आणि एसीसीचा टप्पा नीट पार पडला नाही, तर पुढची एमईटी पातळी शून्यावर जाऊन आपटते.

म्हणून प्रत्येक फेरीची सुरुवात ठरलेल्या जागेवरून करा. आधी नुसता कॅरेज रिटर्न, म्हणजे मागे अर्धवट राहिलेली एखादी ओळ असली तर तिचा निकाल लागतो. मग क्यूयूआय, म्हणजे रिले कुठेही असला तरी पातळी शून्यावर येतो. प्रॉम्प्ट नुसता '=' आहे याची खात्री झाली की एसीसी. मग पासवर्ड विचारणाऱ्या ओळीतलं प्रश्नचिन्ह येईपर्यंत थांबायचं. इथे ईटीएक्सची वाट बघू नका. प्रश्नचिन्ह आलं की पासवर्ड, मग '=>' येईपर्यंत थांबायचं, आणि त्यानंतरच एमईटी. हे सगळं एका दमात पाठवणं हीच तुमच्या स्क्रिप्टमधली मोठी चूक आहे. रिलेने पासवर्ड विचारायच्या आधी आलेली अक्षरं कुठे जातील याचा भरवसा नाही.

पासवर्ड चुकला तर स्क्रिप्टने पुन्हा प्रयत्न करायचा नाही, थांबायचं. तीनदा चुकला की रिले अलार्मचा कॉन्टॅक्ट सेकंदभर चालवतो, आणि तो कॉन्टॅक्ट बहुतेक पॅनेलवर ॲन्युन्सिएटरच्या (इशारे देणाऱ्या दिव्यांच्या फळीच्या) 'रिले फेल'च्या खिडकीला नेलेला असतो. रात्रपाळीच्या ऑपरेटरला हूटर ऐकू येतो, रिले तर ठणठणीत दिसतो, आणि सकाळपर्यंत कुणाला उलगडा होत नाही. पातळी दोनवर जाणारी २एसी कमांड बरोबर पासवर्डने दिली तरी हा कॉन्टॅक्ट एकदा चालतो. त्यामुळे दर १५ मिनिटांनी पातळी दोनवर जाणारी स्क्रिप्ट म्हणजे दर १५ मिनिटांनी हूटर. वाचायला पातळी एक पुरते. पातळी दोनचा पासवर्ड स्क्रिप्टच्या फाइलमध्ये लिहूच नका. हे पासवर्ड वायरवरून उघडे जातात. मध्ये सिरीयल-ते-इथरनेट डबा असेल तर नेटवर्कवरूनही उघडेच. आणि कारखान्यातून आलेले पासवर्ड अजून तसेच असतील तर आधी ते बदला, ते मॅन्युअलमध्ये छापलेले आहेत.

काहीच उत्तर येत नाही, याची कारणं वेगळी. तुमच्या बाबतीत टर्मिनलवर चालतं म्हणजे केबल ठीक आहे, त्यामुळे पहिला संशय ओळीच्या शेवटावर. एसईएलला कमांडच्या शेवटी कॅरेज रिटर्न लागतो, हेक्स ०डी. कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड दोन्ही दिले तरी चालतं. पायथनमध्ये सवयीने नुसता लाइन फीड, हेक्स ०ए, टाकला जातो. त्याने कमांड पूर्णच होत नाही. रिले तुमची अक्षरं परत उमटवतो, त्यामुळे वाचलेल्या उत्तरात तुमचीच कमांड दिसते आणि 'पोहोचलं तर खरं' असा भ्रम होतो. कमांड परत दिसली पण पुढे काही आलं नाही, तर जवळजवळ नक्की हेच.

दुसरा संशय पोर्टच्या प्रोटोकॉलवर. समोरच्या पोर्टवर चालतं आणि मागच्या पोर्टवर नाही, असं असेल तर त्या पोर्टची प्रोटो ही सेटिंग बघा. ती 'एसईएल' हवी. मागचा पोर्ट डीएनपी, मॉडबस किंवा मिरर्ड बिट्स अशा यंत्रांनी आपसात बोलायच्या भाषेला दिलेला असेल तर तो तुमच्या मजकुराकडे ढुंकूनही बघणार नाही. मिरर्ड बिट्सच्या पोर्टला तर हातच लावू नका. त्यावरून समोरच्या सबस्टेशनच्या रिलेशी ट्रिपिंगचं बोलणं चालू असू शकतं, आणि केबल काढली की संरक्षणाची एक वाट बंद.

तिसरा संशय एक्सऑन-एक्सऑफवर. एसईएल रिले बफर भरत आला की एक्सऑफ, हेक्स १३, पाठवून 'थांब' सांगतो आणि जागा झाली की एक्सऑन, हेक्स ११, पाठवतो. हेच तो आपल्याकडूनही ऐकतो. टर्मिनलमध्ये फाइल सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं गेलं की रिले मूग गिळून बसतो. कंट्रोल-क्यू दाबलं की बोलू लागतो. स्क्रिप्टमध्ये सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल चालू ठेवा आणि हार्डवेअरचा बंद, अर्थात पोर्टची आरटीएससीटीएस सेटिंग 'एन' असेल तर. लांब उत्तर मध्येच तोडायचं असेल तर कंट्रोल-एक्स, हेक्स १८.

केबलबद्दलही लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न घेऊन येणाऱ्या निम्म्या लोकांचं टर्मिनलही चालत नसतं. एसईएलची स्वतःची केबल सी२३४ए. घरी बनवायची तर नऊ पिनांच्या कनेक्टरातला रिलेचा पिन २ पीसीच्या पिन ३ ला, रिलेचा ३ पीसीच्या २ ला, ५ ला ५. एवढ्या तीन तारा पुरतात. एखादं सॉफ्टवेअर हँडशेकसाठी अडून बसलं तर पीसीच्या बाजूच्या कनेक्टरमध्येच ७-८ आणि १-४-६ आपसात जोडा, रिलेपर्यंत नेऊ नका. बाजारातली नऊच्या नऊ तारांची नल मोडेम केबल इथे टाळावी, कारण मागच्या काही पोर्टांवर ४ आणि ६ नंबरला वेळ जुळवण्याचा आयरिग-बी सिग्नल असतो आणि १ नंबरला जंपर घालून पाच व्होल्ट काढता येतात. तिथे पीसीचा डीटीआर हा हँडशेकचा सिग्नल जाऊन भिडणं बरं नाही.

केबल बरोबर आहे का हे मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं. आरएस-२३२ ची पाठवणारी तार शांत असताना ५ नंबरच्या मानाने उणे असते, उणे ३ ते उणे १५ व्होल्ट, बहुधा उणे ५ ते १० च्या आसपास. केबल फक्त रिलेला लावा आणि पीसीकडच्या मोकळ्या टोकाला २ आणि ५ मध्ये मोजा. मग केबल फक्त पीसीला लावा, टर्मिनलमध्ये पोर्ट उघडा आणि रिलेकडच्या मोकळ्या टोकाला पुन्हा २ आणि ५ मध्ये मोजा. दोन्ही वेळा उणे आकडा आला पाहिजे. शून्य आलं आणि ३ नंबरवर उणे सापडलं तर केबल सरळ आहे, उलटसुलट नाही. अधिक पाच किंवा अधिक ३.३ दिसलं तर तुमचा यूएसबी कन्व्हर्टर टीटीएल जातीचा आहे, छंदाच्या सर्किटला लावतात तो. तो इथे चालणार नाही, उलट रिलेचे उणे व्होल्ट त्यालाच मारतील. कन्व्हर्टरचा संशय असेल तर त्याचे २ आणि ३ एका पिनच्या तुकड्याने जोडा आणि टर्मिनलमध्ये टाइप करा. अक्षरं परत आली तर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर ठीक.

अक्षरं येतात पण कचरा दिसतो, तर बॉड रेट जुळत नाही. समोरच्या पॅनेलच्या सेट बटणातून पोर्टचा वेग बघा, अंदाजाने २४००, ९६००, १९२०० फिरवत बसण्यापेक्षा ते बरं. अधूनमधूनच कचरा येत असेल आणि पोर्टवर एसईएलचाच कम्युनिकेशन प्रोसेसर लटकवलेला असेल, तर तो कचरा नाही, फास्ट मीटरचे बायनरी संदेश आहेत. ते हेक्स ए५ ने सुरू होतात आणि त्याच तारेवर मजकुराच्या मधेमधे येतात. आणि एक, कंट्रोल रूमच्या भिंतीतला प्लग आणि पॅनेलची अर्थिंग यांच्यात फरक असू शकतो. हा पोर्ट आयसोलेटेड असेल असं धरून चालू नका. थोडा वेळ जोडायचं तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा. कायमचं जोडायचं तर फायबरचे छोटे ट्रान्सीव्हर लावून घ्या. साधी आरएस-२३२ केबल १५ मीटरपुढे नेऊच नका, यार्डातून तर नाहीच.

आता सगळं जुळवलं, स्क्रिप्ट महिनाभर सुरळीत चालली, आणि नेमकी फीडर ट्रिप झाल्यावर कोलमडली. हे हमखास होतं. पोर्टच्या सेटिंगमध्ये ऑटो नावाची सेटिंग आहे. ती 'वाय' असेल तर इव्हेंट घडल्यावर रिले कुणी न विचारता त्याचा सारांश त्या पोर्टवर पाठवतो. तुमची स्क्रिप्ट एमईटीच्या उत्तराची वाट बघत असते, हाती फॉल्टचा प्रकार आणि करंट येतो. या पोर्टवर ऑटो 'एन' करा. किंवा ठेवायचंच असेल तर उत्तर वाचताना आधी आपली कमांड परत उमटली का ते बघा, आणि अनाहूत आलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये टाका. फेकू नका, तोच सगळ्यात कामाचा असतो. हीच सेटिंग बदलताना पोर्टचा वेगही बदलायचा मोह होईल. ज्या पोर्टवर बसलात त्याचाच वेग बदललात तर सेव्ह झाल्या क्षणी बोलणं तुटतं. घाबरू नका, टर्मिनलचा वेगही तेवढाच करा. वेग ९६०० किंवा १९२०० करणं मात्र चांगलंच. पण सेटिंग बदलायची तर पातळी दोन लागते, आणि संरक्षणाची सेटिंग सेव्ह होताना रिले क्षणभर सेवेबाहेर जातो. पोर्टचं काम असलं तरी ते परवानगीने, ऑपरेटरला सांगून करा.

मजकुरातून आकडे काढताना काही सापळे आहेत. एमईटीची मांडणी मॉडेल आणि फर्मवेअरप्रमाणे बदलते, म्हणून 'सहाव्या ओळीचा चौथा आकडा' अशी मोजणी करू नका, नावं शोधून वाचा. फर्मवेअरची ओळख आयडी कमांडने येणाऱ्या एफआयडी ओळीत असते. ती प्रत्येक फेरीत नोंदवा, म्हणजे कुणी रिले बदलला तर कळेल. शक्य तिथे मजकुराऐवजी स्वल्पविरामांनी वेगळी केलेली उत्तरं घ्या: सीएएस दिली की रिले अशा कमांडची यादी देतो. सीएचआय म्हणजे इव्हेंटची यादी, सीईव्ही म्हणजे इव्हेंट. या उत्तरांत प्रत्येक ओळीच्या शेवटी चार हेक्स अक्षरांचा चेकसम, म्हणजे ओळ बिनचूक आली का हे ताडायचा आकडा, असतो. साध्या एमईटीमध्ये तसं काही नसतं. वाटेत एखादा बिट उलटला तर ३१२ चे ३१६ अँपिअर झालेले तुम्हाला कधीच कळणार नाहीत. मीटरिंगसाठी तुमच्या रिलेत अशी कमांड आहे का ते सीएएसच्या यादीत बघा. नसेल तर एमईटी दोनदा घेऊन ताडून बघा, १५ मिनिटांत वेळ भरपूर आहे.

तारखेकडे लक्ष द्या. डेट_एफ ही सेटिंग 'एमडीवाय' असेल तर आधी महिना, मग दिवस. ०३/०४ म्हणजे ४ मार्च, आपण वाचतो ३ एप्रिल. महावितरणकडे फॉल्टची वेळ कळवताना महिनाभराचा घोळ होतो. 'वायएमडी' करून घेतली तर गोंधळ संपतो आणि फाइलीही क्रमाने लागतात.

इव्हेंटचे क्रमांकही फसवतात. जुन्या मॉडेलांत सगळ्यात ताजा इव्हेंट म्हणजे क्रमांक १. तुम्ही एचआयएसने यादी वाचली, दोन नंबरचा इव्हेंट हवा असं ठरवलं, आणि ईव्हीई २ पाठवेपर्यंत नवीन फॉल्ट आला, तर दोनचा तीन झालेला असतो. उत्तरातली तारीख आणि वेळ यादीतल्याशी जुळते का ते बघूनच फाइल ठेवा.

सगळ्यात वाईट सापळा एका अक्षराचा आहे. ईव्हीई सी म्हणजे इव्हेंटचं स्वल्पविरामवालं रूप. त्याच धर्तीवर कुणी एचआयएस सी दिलं, तर तिथे सी म्हणजे क्लिअर: इव्हेंटची यादी आणि रिपोर्ट पुसले जातात. एसईआर सी तसंच, घटनाक्रमाची नोंद साफ. एमईटी डी डिमांड दाखवतं, एमईटी आरडी ती शून्य करतं. एमईटी ई ऊर्जा दाखवतं, एमईटी आरई ती शून्य करतं. आणि यातलं पुसणं पातळी एकवरच होतं, म्हणजे 'मी फक्त वाचणाऱ्या पातळीवर आहे' हे संरक्षण पुरेसं नाही. रिले आधी 'नक्की का' विचारतो, एवढंच काय ते. म्हणून स्क्रिप्टने कुठल्याही प्रश्नाला 'वाय' उत्तर देता कामा नये. पाठवायच्या कमांडची एक ठरलेली यादी ठेवा, त्या यादीबाहेरचं काहीही पोर्टवर जाणार नाही असं लिहा. टीएआर आर त्या यादीत नको. ट्रिपनंतरचे फ्लॅग ऑपरेटरने बघून मगच रीसेट व्हायचे असतात.

आता क्लोजचा प्रश्न. सीएलओ (क्लोज) आणि ओपीई (ओपन) या कमांड आहेत, पातळी बी लागते. रिलेच्या मुख्य बोर्डावर ब्रेकरचा जंपर बसवलेला नसेल तर 'ॲबॉर्टेड: नो ब्रेकर जंपर' असं उत्तर येऊन विषय संपतो. जंपर असेल तर रिले दोनदा विचारतो, ब्रेकर क्लोज करू का, आणि नक्की का. तांत्रिकदृष्ट्या स्क्रिप्टला दोन्हींना 'वाय' देता येतं. देऊ नका. मजकुराच्या या बोलण्यात चेकसम नाही, आणि ते दोन प्रश्न माणसाने वाचावेत म्हणून ठेवले आहेत. यंत्राने न वाचता हो म्हटलं की त्यांचा अर्थ उरत नाही. तुमचा फीडर तर ग्रिडला जोडलेला आहे. टर्बाइन चालू असताना सिंक्रोनाइझिंग (जनित्र आणि ग्रिडची लय जुळली का ते) न बघता क्लोज झाला तर काय होईल हे सांगायला नको. सीएलओला सिंक-चेकची अट आहे की नाही, हे तुमच्या रिलेच्या लॉजिकच्या सेटिंगवर अवलंबून आहे; ती अट असेलच असं धरू नका.

दुरून चालवायचंच असेल तर ते स्काडामधून (दुरून देखरेख आणि नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेतून), डीएनपीच्या 'आधी निवडा, मग चालवा' पद्धतीने करा. एसईएलचं फास्ट ऑपरेटही आहे. त्यात कोडबरोबर चारपट अधिक एक असा पडताळणीचा आकडा आणि वर चेकसम पाठवावा लागतो, म्हणजे एखादा चुकलेला बाइट ब्रेकर हलवू शकत नाही. याउपर लोकल-रिमोट स्विच आणि परमिटची पद्धत आहेच. तुमचा हेतू १५ मिनिटांचं लॉगिंग असेल तर जंपर काढूनच ठेवा, म्हणजे स्क्रिप्ट किती का बिघडेना. पण आधी संरक्षण विभागाला विचारून, कारण तोच जंपर डीएनपीवरून येणाऱ्या कंट्रोललाही अडवू शकतो.

दर सेकंदाला आकडे हवे असतील तर हा मार्गच चुकीचा, मोकळा पोर्ट मॉडबस किंवा डीएनपीला द्या. १५ मिनिटांच्या नोंदीला आणि ट्रिपनंतर इव्हेंट ओढायला मजकूर उत्तम.

फेरी संपली की पुन्हा क्यूयूआय द्या, '=' दिसला की पोर्ट बंद करा. नुसती केबल ओढलीत तर रिले टी_आउट संपेपर्यंत त्याच पातळीवर उघडा राहतो, आणि टी_आउट कुणी शून्य करून ठेवला असेल तर पुढचा माणूस केबल लावेपर्यंत.